पासष्ट टक्के आई

दि. ४ जून

ती. ताईस,

सा. न. वि. वि. आम्ही सगळे इथे मजेत, तुम्हीही असालच. फोन चालू असताना टिल्लूने पत्र का धाडलं म्हणून घाबरू नकोस. घराचं आणि पैशाचं बोलायचं ते कागदावर, तोंडी बोललेलं माणूस सोयीने विसरतो, हा बाबांचा नियम. आज मला दोन्हींबद्दल बोलायचं आहे, तेव्हा जरा ऐसपैस बस.

गेल्या शनिवार-रविवारी मी एका शिबिराला गेलो होतो. विषय होता घरा-जागांमधून संपत्ती कशी उभी करायची. हॉटेलातला हॉल, दोन वेळचा चहा, पुष्कळ गर्दी आणि समोर निळ्या कोटातले एक गृहस्थ. ताई, काय बोलतो हा माणूस! तो म्हणाला की गरीब माणूस घरात राहतो, मधला माणूस घर भाड्याने देतो आणि श्रीमंत माणूस घरांची कंपनी काढतो. इतकी वर्षं मी लोकांना चष्मे लावतोय, पण डोळे माझेच मिटलेले होते, हे त्या हॉलमध्ये कळलं.

तर योजना अशी. आपली इमारत, म्हणजे तळमजल्यावरची आई, पहिल्या मजल्यावरचे दंतवैद्य आणि दुसऱ्या मजल्यावरचे आम्ही, सगळी कंपनीच्या नावावर करायची. दंतवैद्यांचं भाडं कंपनीत जमा होणार. आई आणि आम्हीसुद्धा कंपनीला भाडं देणार, म्हणजे कुणाला बोट दाखवायला जागा नको. मग रंगरंगोटी, दुरुस्ती, माझं पेट्रोल, चहापाणी, सगळा खर्च कंपनीच्या नावे टाकायचा आणि जे उरेल त्यावर कर भरायचा. उरणार काय, कपाळ! कंपनीचं नाव ठरलंय, आई इस्टेट्स प्रायव्हेट लिमिटेड. मी मॅनेजिंग डायरेक्टर. चंदेरी कडेची कार्डं छापायला टाकली आहेत.

तू जन्मभर लोकांच्या कराचं बघतेस, तर भावाचे एवढे कागद करून दे. फी तू घेणार नाहीसच, म्हणून विचारत नाही.

लोभ आहेच, तो मी मोठा माणूस झाल्यावरही असाच राहू दे.

तुझा,
टिल्लू
(नियोजित मॅनेजिंग डायरेक्टर)


दि. १३ जून

चि. टिल्लूस,

अनेक आशीर्वाद. पत्र पोचलं. आधी हसून घेतलं, मग पुन्हा वाचलं, मग काळजी वाटली, म्हणून लगेच लिहायला बसले. निळ्या कोटाने शिबिराचे किती पैसे घेतले ते तू लिहिलं नाहीस. त्याची संपत्ती कशातून उभी राहिली ते मला त्यावरून सांगता आलं असतं.

आता नीट ऐक. कंपनी म्हणजे कायद्याने जन्माला घातलेलं एक वेगळं माणूस. त्याचा खिसा वेगळा, त्याचा कर वेगळा. तुला-मला सुरुवातीच्या थोड्या उत्पन्नावर निदान सूट असते. कंपनीला पहिल्या पैशापासून कर. तो भरून जे उरेल तेही कंपनीचं, तुझं नव्हे. ते तुझ्या खिशात आणायचं तर लाभांश म्हणून आणायचं, आणि आणलंस की ते तुझं उत्पन्न धरून त्यावर पुन्हा कर. एकाच भाड्याला दोनदा कात्री लावायची आणि त्याला बचत म्हणायचं, हे त्या हॉलमधल्या चहात काहीतरी घातल्याशिवाय सुचणार नाही.

इमारत कंपनीच्या नावावर करणं म्हणजे दारावरची पाटी बदलणंही नव्हे. ती विक्री होते. मुद्रांक शुल्क भर, नोंदणी कर. स्वतःचं घर स्वतःलाच विकायचं आणि वर सरकारला बक्षिसी द्यायची. आणि उद्या इमारत खरंच विकायची वेळ आली तर? माणूस राहतं घर विकतो तेव्हा नफ्यावर त्याला सवलत मिळते, कारण त्याला पुन्हा कुठेतरी डोकं टेकायचंय हे कायद्याला कळतं. कंपनीला डोकंच नाही, तिला कसली सवलत? पेट्रोलचं म्हणशील तर भाड्याशी ज्याचा संबंध तोच खर्च चालतो. फ्रेमा आणायला जाळलेलं पेट्रोल कंपनीच्या गळ्यात मारलंस तर तपासणीच्या दिवशी ते तुझ्या गळ्याशी येईल.

मी कंपनीच्या विरुद्ध नाही. माझ्याकडे एक बाई येतात, त्यांच्या नऊ इमारती आहेत, भागीदारांचं आपसात बोलणं नाही, आणि नफा घरी न नेता त्यातूनच त्या दहावी घेणार आहेत. त्यांना कंपनी शोभते. तुझ्याकडे एक इमारत, एक आई आणि एक बायको आहे. त्याला कंपनी नाही, कुटुंब म्हणतात.

बाबांनी इमारत अर्धी आईला ठेवली आणि अर्धी तुला. तेच उत्तम आहे. दंतवैद्यांचं भाडं दोघं निम्मं निम्मं दाखवा, दोघांच्या सवलती वापरा, कर आपोआप उतरतो. फारच खाज असेल तर भागीदारी करा, ती मोडायला तरी सोपी. आणि काहीही केलंस तरी आईचा तळमजला यातून बाहेर ठेव. हे सल्लागार म्हणून नाही, ताई म्हणून सांगते.

राहिली फी. बाबांनी मला इमारतीत काही ठेवलं नाही, शिक्षण दिलं म्हणाले. आता त्या शिक्षणाचेही तू पैसे देणार नाहीस म्हणतोस. फी घेणार, आणि तुझ्याकडून आगाऊ घेणार. आणि हो, ‘आई’ आणि पुढे ‘लिमिटेड’ वाचून हे खुर्चीतून पडायचे राहिले. आपल्या आईला मर्यादा घालायची हिंमत बाबांनीही केली नव्हती.

रागावलास तरी लोभ ठेव, राग आपोआप उतरेल.

तुझी,
ताई


दि. २८ ऑगस्ट

चि. सौ. ताईस,

अनेक उत्तम आशीर्वाद. जावईबापूंना आशीर्वाद सांग. माझी तब्येत ठणठणीत आहे, गुडघे सोडून. ते माझ्यापेक्षा म्हातारे आहेत.

टिल्लूची कंपनी झाली. तू नको म्हणाली होतीस हे त्याने मला सांगितलं नाही, पण मी ओळखलं. तुझं पाकीट मीच पोस्टमनकडून घेतलं होतं आणि ते चांगलं जाड होतं. हो म्हणायला तू एवढे कागद खर्च करत नाहीस. कागदपत्रं त्याने कुठल्याशा स्वस्तातल्या हिशोबनिसाकडून करून घेतली.

सह्या त्याच्या दुकानात झाल्या, भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याखाली. अक्षर बारीक होतं म्हणून मी वाचायचा चष्मा मागितला, तर म्हणाला वाचायची काही गरज नाही. चष्म्याच्या दुकानात बसून! मग सूनबाईनेच शोकेसमधून एक काढून दिला आणि मी सगळं वाचलं. कंपनीचे पासष्ट टक्के माझे, पंचवीस त्याचे आणि दहा सूनबाईचे. तिचे दहा म्हणजे लग्नाच्या वाढदिवसाची भेट. तिने साखळी मागितली होती.

मला एवढे कसे, असं विचारलं. तर माझी पेन्शन तुटपुंजी, त्यामुळे माझ्या नावाने आलेल्या लाभांशावर कर जवळजवळ लागत नाही. पैसे माझ्या खात्यात येणार आणि मी आधीच सह्या करून दिलेल्या चेकांवर त्याच्या खात्यात जाणार. निळ्या कोटाची युक्ती आहे म्हणे. आई, हे फक्त नावालाच, असं त्याने मला इतक्या वेळा सांगितलं की मला शंका यायला लागली. मी जन्मभर शाळेत पी. टी. शिकवली आहे. एखाद्या मुलीला नावाला कप्तान केलं तरी दुसऱ्या दिवशी ती शिट्टी मागते. आपल्या मुलाला एवढं कळू नये याचं नवल वाटतं.

मी आता स्वतःच्याच घरात भाडेकरू आहे. न्हाणीघरातला नळ दोन महिने गळतोय. आधी टिल्लूला सांगायचे तर तो बघू म्हणायचा. या वेळी मी भाडेकरू म्हणून कंपनीला लेखी तक्रार केली, मोठी भागीदार म्हणून ती मंजूर केली आणि प्लंबरचं बिल मॅनेजिंग डायरेक्टरांना वरच्या मजल्यावर टपालाने पाठवलं. नळ आता गळत नाही. टिल्लू जिन्यातून खाली आला आणि म्हणाला की नुसती हाक मारली असतीस तरी चाललं असतं. मी त्याला बाबांच्या नियमाची आठवण करून दिली.

तर मला एवढंच कळव की पासष्ट टक्क्यांत काय काय येतं. कायद्याची भाषा नको. मैदानावर मुलींना नियम सांगतात तसं सांग.

तुमच्या सगळ्यांची आठवण रोज येते, पत्र मात्र महिन्यातून एकदाच येतं, ते बरं नव्हे.

तुझी,
आई


दि. ५ सप्टेंबर

ती. आईस,

शि. सा. न. तुझं पत्र मी ऑफिसात सगळ्यांना वाचून दाखवलं. नळापाशी आल्यावर माझा शिपाई टाळ्या वाजवायला लागला. टिल्लूने आवळा देऊन कोहळा काढायचं ठरवलं होतं. प्रत्यक्षात त्याने कोहळाच देऊन टाकलाय आणि त्याला अजून पत्ता नाही.

नियम असे. रोजच्या कारभारातले ठराव अर्ध्याहून जास्त मतांनी होतात. म्हणजे तू एकटी हिशोब मंजूर करू शकतेस, नामंजूर करू शकतेस, डायरेक्टर नेमू शकतेस आणि मॅनेजिंग डायरेक्टरला घरी बसवू शकतेस. घरी बसवायला त्याला जिना चढावा लागेल एवढंच. मात्र इमारत विकणं किंवा कंपनी गुंडाळणं ही मोठी कामं. तुमच्या नियमावलीत त्यांना पंच्याहत्तर टक्के लिहिले आहेत. तिथे तू एकटी पुरत नाहीस, पण तुझ्याशिवाय कुणाचंच चालत नाही.

लाभांश तुझा आहे, आई. नावालाच वगैरे काही नसतं. तुझ्या नावावर आलेला पैसा तू गुपचूप त्याच्या खिशात परत फिरवलास तर कर खातं विचारेल की मग हा पैसा खरा कुणाचा, आणि त्याचं उत्तर टिल्लूकडे नसेल. तेव्हा सह्या केलेलं चेकबुक परत घे. दिलं नाही तर बँकेत जाऊन बंद कर.

तुझ्या डोळ्यांदेखत एवढं होऊन गेलं आणि मी नुसती पत्रं लिहीत बसले, याचं वाईट वाटतं. आशीर्वाद आहेतच, रागवायची वेळ आली तर रागावही.

तुझी,
ताई


दि. १० एप्रिल

ती. ताईस,

सा. न. वि. वि. हे पत्र मी दुकानात लिहितोय, कारण घरी आता तीन टक्केवाऱ्या राहतात आणि सगळ्यांत मोठी खालच्या मजल्यावरून सगळं ऐकते.

आधी सभेचं सांगतो, म्हणजे तुला माझी कीव येईल. वार्षिक सभा आईच्या बाहेरच्या खोलीत झाली. आई शिट्टी घेऊन आली. मी अध्यक्षांच्या परवानगीशिवाय बोललो की शिट्टी. अध्यक्ष कोण, असं मी विचारलं, तर पुन्हा शिट्टी. माझ्या पेट्रोलचा खर्च तिने नामंजूर केला. निळ्या कोटाच्या दुसऱ्या शिबिराची फी मी प्रशिक्षण खर्चात टाकली होती, ती तिने माझ्याकडून वसूल करायला लावली. सौ. इतिवृत्त लिहीत होती आणि लिहिता लिहिता हसत होती. हसल्याचंही तिने इतिवृत्तात लिहिलंय.

मग लाभांश जाहीर झाला. मी सही केलेला चेक घेऊन बँकेत गेलो, तर कारकून म्हणाला की हे चेकबुक बाईंनी मागेच बंद केलंय. घरी येऊन आईला विचारलं, तर पैसे खर्च झाले होते. कशावर? हर्डल्सवर! उड्या मारायच्या अडथळ्यांवर! तिने आपल्या जुन्या शाळेला टेंपोभर हर्डल्स नेऊन दिले. मुली इतकी वर्षं बाकांवरून उड्या मारत होत्या म्हणे. ताई, मी जगात एकटाच असा इन्व्हेस्टर असेन ज्याचा परतावा शाळेच्या मैदानावर रांगेत उभा आहे. चेकबुकाचा सल्ला तुझाच असणार, मी ओळखतो तुला.

आता खरं लिहितो. पुढचं वाचताना हसू नकोस.

त्या पैशावर माझा हप्ता अवलंबून होता. कंपनी नवी म्हणून बँकेने तिला कर्ज दिलं नाही. म्हणून नव्या वसाहतीतला फ्लॅट मी माझ्याच नावावर घेतला, दुकान तारण ठेवून. भाडेकरू येईल आणि हप्ता निघेल असं धरलं होतं. तिथे दर दुसऱ्या घराचा मालक माझ्यासारखाच शिबिराला जाऊन आलेला आहे, भाड्याने राहणारा मात्र कुणीच नाही. आठ महिने फ्लॅट रिकामा आहे. हप्ते थकले. मग एक बिल्डर भेटला. त्याला आपली इमारत पाडून तिथे उंच बांधायचं आहे. भाव चांगला देतोय, दंतवैद्यांची सोयही तोच करणार आहे. मी मॅनेजिंग डायरेक्टर म्हणून सही केली, इसार घेतला आणि त्यातून हप्ते भरले.

व्यवहार मोडला तर इसाराच्या दुप्पट परत द्यायचं असं त्या कागदात आहे. माझ्याकडे द्यायला दुकानाशिवाय काही नाही. आणि विक्रीला पंच्याहत्तर टक्के लागतात. माझे आणि सौ.चे मिळून पस्तीस. आईच्या सहीशिवाय या इमारतीची वीट हलत नाही, आणि मी तिला अजून सांगितलेलं नाही. रोज जिन्यातून उतरताना ठरवतो आणि दारावरून तसाच पुढे जातो. काल तिनेच हाक मारली. मला वाटलं कळलं हिला. तर म्हणाली की टिल्लू, बारीक झालास. मला दुकानात येऊन रडू आलं.

तू तिला पटव. आम्ही भाड्याने मोठी जागा घेऊ, तिला तिथे स्वतंत्र खोली देऊ. आलेल्या पैशांतून कंपनी चार छोटे फ्लॅट घेईल आणि या वेळी नीट चालेल. तुझं ती ऐकते.

लोभ उरला असेल तर तो या वेळी सगळा लागणार आहे.

तुझा,
टिल्लू


दि. १७ एप्रिल

ती. आईस,

शि. सा. न. हे पत्र बसून वाच. टिल्लूने जे तुला सांगायला हवं होतं ते त्याने मला लिहिलंय, आणि ते तुझ्यापासून लपवायचं माझ्याने होणार नाही. त्याचं पत्रच सोबत जोडते. तो मला शिव्या देईल, देऊ दे.

वाचलंस? मला इतका राग आलाय की दोन दिवस ऑफिसात कुणी माझ्यासमोर फाईल आणत नाही. राहतं घर, तुझ्या पायाखालची जमीन, आणि हा कुणाच्या तरी शिबिरात बसून ती विकायला काढतो. तुला न विचारता इसार घेतो. वर तुला एक स्वतंत्र खोली देणार म्हणे! मी त्याला तेव्हाच लिहिलं होतं की आईचा तळमजला बाहेर ठेव.

कराचंही सांगते, म्हणजे तुला कळेल हा काय करून बसलाय. इमारत तुम्हा दोघांच्या नावावर असती तर राहत्या घराची सवलत मिळून तुझ्या हातात बरीच रक्कम आली असती. आता विकणारी कंपनी. नफ्यावर आधी ती कर भरणार. मग उरलेला पैसा तुम्हा तिघांत वाटला की त्यावर तुम्ही पुन्हा भरणार. नावावर करताना शुल्क भरलं ते वेगळंच. कर वाचवायच्या नादात याने सरकारचं घर भरलंय.

तेव्हा तू सही करू नकोस. पासष्ट टक्के आहेत तोवर तुला तिथून कुणी हलवू शकत नाही. टिल्लूच्या इसाराचं मी बघते. माझी एक ठेव आहे, ती मोडते आणि बिल्डरच्या तोंडावर दुप्पट पैसे टाकते. ह्यांनाही पटलंय. महिनाअखेरीला फाईली संपल्या की येते, मग आपण सभा घेऊ, आणि शिट्टी मला दे.

मला या वयातही माहेर लागतं, आई. तुझ्या दाराची कडी वाजवायला मिळणार नाही, ही कल्पनाच करवत नाही. तेवढी माया माझ्यावर कर आणि सही करू नकोस.

तुझी,
ताई


दि. २६ एप्रिल

चि. सौ. ताईस आणि चि. टिल्लूस,

दोघांना अनेक उत्तम आशीर्वाद. एकच पत्र कार्बन लावून दोघांना धाडते आहे. सभा काल घेतली. ताई, तुझी वाट मुद्दामच पाहिली नाही. तू आली असतीस तर तू आणि टिल्लू भांडला असतात आणि मी चहा करत बसले असते.

दोन ठराव झाले. इमारत विकायची, हा पहिला. तो तिघांनी एकमताने केला. टिल्लूला वाटलं मी त्याच्यासाठी करते आहे, तो पाया पडायला वाकला. त्याला म्हटलं ऊठ, अजून एक ठराव आहे. विक्री झाली की कंपनी गुंडाळायची, हा दुसरा. तेव्हा तो एकदम सरळ झाला आणि चार फ्लॅटचं बोलायला लागला. त्याचे पंचवीस विरुद्ध गेले. सूनबाईने आपले दहा माझ्या बाजूने टाकले, पंच्याहत्तर झाले. तिचं म्हणणं, लग्नाच्या वाढदिवसाची ही पहिलीच भेट तिच्या उपयोगी पडली.

ताई, तुझं पत्र वाचून मी रडले. मग मला रागही आला. टिल्लूला हे घर विकायचं होतं, तुला ते वाचवायचं होतं. त्याने निळ्या कोटाला विचारलं, तू कायद्याला विचारलंस, जावईबापूंनासुद्धा विचारलंस. मला दोघांपैकी कुणी विचारलं नाही. मला हे घर कधीच आवडलं नाही.

भर दुपारी दिवा लावावा लागतो इथे. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी हा तळमजला दिला, पुढे तुमच्या बाबांना तो सोयीचा वाटला, नंतर टिल्लूला. सगळ्या इमारतीच्या किल्ल्या माझ्याकडे, सगळ्यांची पार्सलं माझ्याकडे, गाल सुजलेले पेशंट दंतवैद्य कुठे म्हणून माझीच कडी वाजवणार. आईला मर्यादा कोण घालणार, असं तुम्ही भावंडं गमतीने म्हणता. पण कुठे राहायचं, काय कुणाच्या नावावर करायचं, मुलीला काय द्यायचं, यातलं काही मला विचारून झालं नाही. मी शिट्टी वाजवायचे ती शाळेत.

सूनबाई आणि मी परवा तो रिकामा फ्लॅट बघून आलो. चौथा मजला आहे, लिफ्ट आहे. दोन्ही खोल्यांत ऊन येतं. आम्ही फरशीवर बसून राहिलो. बराच वेळ कुणी कडी वाजवली नाही. सूनबाईने विचारलं की आई, तुम्हाला इथे आवडेल का. असा प्रश्न मला याआधी कुणी विचारला नव्हता.

तर माझ्या वाट्याच्या पैशांतून मी त्या फ्लॅटचं कर्ज फेडणार आणि तो माझ्या एकटीच्या नावावर करून घेणार. दुकान तारणातून सुटेल. टिल्लू आणि सूनबाई दुकानाच्या मागच्या खोल्या दुरुस्त करून राहतील. हे सूनबाईने ठरवलंय, आणि टिल्लूने मान हलवली, ती होकारार्थी होती असं इतिवृत्तात लिहिलं आहे. उरलेल्या रकमेतली निम्मी ताईची. ताई, तुझ्या बाबांनी तुला इमारतीत काही ठेवलं नाही ते मला तेव्हाही पटलं नव्हतं, पण तेव्हा माझं मत कुणी मोजत नव्हतं. आता ते पासष्ट टक्के आहे. नको म्हणून पत्र लिहू नकोस, हे बक्षीस नाही, तुझा हिस्सा आहे. ठेव मोडू नकोस.

टिल्लू, तू मला न सांगता सही केलीस त्याचं वाईट वाटलं, आणि दारावरून न बोलता जात होतास त्याचं जास्त वाटलं. पुन्हा असं करू नकोस. पण एक सांगते. सूनबाई म्हणते की तू मला वापरून घ्यायला पासष्ट टक्के दिलेस. असेल तसं. तरी या घरात मला मोजून अर्ध्याहून जास्त देणारा तू पहिलाच आहेस.

ताई, दोनदा कर बसेल म्हणतेस तर बसू दे. किती तो आकडा काढून पाठव आणि त्यात तुझी फीही धर. मी पुढच्या महिन्यात त्या फ्लॅटवर राहायला जाते. दोघं या, मुक्कामाला या, पण येऊ का असं आधी विचारून या. मी बहुतेक हो म्हणेन.

तुमची,
आई